सेवा केंद्राला चार तारे: ताई चिडक्या, पण फॉर्म चोख

या केंद्रात मी दोन हंगाम पीक विम्याचा फॉर्म भरला. खरीप २०२५ चं सोयाबीन आणि मग रब्बीचा हरभरा. एकदाच गेलो असतो तर लिहिलं नसतं, पहिल्या दिवशी कुणीही गोड बोलतं. इथं तर पहिल्याच दिवशी माझ्यावर ओरडा झाला, तरी दुसऱ्यांदा गेलो. त्यावरून काय ते समजा.

जागा बाजारतळाच्या मागच्या गल्लीत, खताच्या दुकानाच्या वर. जिना अरुंद आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच हाक मारावी, केंद्र चालवणाऱ्या ताईंचा पोरगा कागद घ्यायला खाली येतो. वर दोन कॉम्प्युटर, एक बाकडं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक इन्व्हर्टर आणि भिंतीवर दरपत्रक. दरपत्रक लावलेलं आणि ते पाळलेलं सेवा केंद्र मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. डिजिटल सातबारा १५ रुपये, झेरॉक्स २ रुपये, आणि पीक विम्यासमोर लाल शाईनं ‘फक्त विमा हप्ता, बाकी काही नाही’.

ही ओळ वाचून मी हसलो होतो. का ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी एसटीत कंडक्टर होतो, एकतीस वर्षं. जून २०२३ ला रिटायर झालो आणि आता पूर्णवेळ शेतकरी झालो या खुशीत त्याच महिन्यात पेरणी केली. लातूर जिल्ह्यातलं गाव, एक हेक्टर बासष्ट आर जमीन, म्हणजे चार एकर आणि वर थोडी. त्याच वर्षी सरकारनं एक रुपयात पीक विमा आणला. शेतकऱ्याचा हप्ता राज्य सरकार भरणार, आपण अर्जामागं एक रुपया द्यायचा. मी जुन्या स्टँडजवळच्या एका केंद्रात गेलो. नाव लिहीत नाही, त्या मालकाची पोरं माझ्या भावाच्या पोरांबरोबर शिकतात. त्यानं माझ्याकडून शंभर रुपये घेतले. “सर्व्हर चालेना काका, रात्री भरून ठेवतो,” म्हणाला. मी आधार, पासबुक, सातबारा, आठ-अ, सगळ्याच्या झेरॉक्स देऊन आलो. एकतीस वर्षं लोकांचे सुटे पैसे मोजलेला माणूस मी, पण एका रुपयाच्या कामाला शंभर कशाचे, हे विचारलं नाही. लाईन मोठी होती.

ऑगस्ट २०२३ तुम्हाला आठवत असेल. महिनाभर पाऊस गायब. सोयाबीन फुलात असताना करपलं. नंतर पंचवीस टक्के अग्रिमाची, म्हणजे आगाऊ भरपाईची, घोषणा झाली, शेजाऱ्यांच्या मोबाईलवर मेसेज आले, माझ्या मोबाईलवर फक्त कर्ज देणाऱ्यांचे. चौकशी केली तर कळलं की माझ्या गटावर, म्हणजे माझ्याच जमिनीच्या नंबरावर, दोन अर्ज आहेत. एक माझा, आणि एक दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाचा तरी. त्या माणसाला मी जमीन भाड्यानं दिली असा करारनामा जोडलेला होता. त्यावर माझी सही होती, आणि सही माझ्यापेक्षा चांगली होती. मी सही करतो ती वे-बिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदावर, करायचो तशी, गाडी हलत असताना, नावाचं पहिलं अक्षर आणि पुढं एक रेघ. करारनाम्यावर मात्र बापाच्या नावासकट, आडनावासकट, सातबाऱ्यावर असतं तसं पूर्ण नाव, वळणदार अक्षरात.

गटाच्या क्षेत्रापेक्षा विमा जास्त झाला म्हणून दोन्ही अर्ज अडकले. मग सहा-सात महिने हेलपाटे. तो दुसरा अर्ज बाद झाला आणि माझे पैसे आले तेव्हा शिमगा झाला होता. पोलिसांत तक्रार अर्जही दिला. गुन्हा २०२३ चा, म्हणून कलमं जुनीच, भारतीय दंड विधानातली. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक ३१८ मध्ये गेली. माझं प्रकरण मात्र राहिलं चारसोबीसच. नाही तरी कुणाला तीनशेअठरा म्हणून शिवी देऊन बघा, समोरचा कॅलेंडर बघत बसेल.

माझ्या झेरॉक्स बाहेर कुठून गेल्या हे मी सिद्ध करू शकत नाही. संशय आहे, आणि तो मी गिळलेला नाही. पण त्या वेळी एक गोष्ट कळली जी आमच्या गावात अर्ध्या लोकांना अजून माहीत नाही. अर्ज भरणाऱ्या केंद्राला दर अर्जामागं विमा कंपनीकडून चाळीस रुपये मिळतात. म्हणून तर शेतकऱ्याकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. आता हिशोब तुम्हीच करा. शेतकऱ्याला लागतो एक रुपया, केंद्राला मिळतात चाळीस. कुणाच्या तरी नावानं, कुठल्या तरी गटावर, हजार अर्ज रात्रीतून भरले तर खर्च हजार रुपये आणि मिळकत चाळीस हजार. नुकसानभरपाई आली नाही तरी धंदा चालू. खरीप २०२२ ला राज्यात अर्ज होते ९६ लाखांच्या आसपास, एक रुपया झाल्यावर २०२३ ला १ कोटी ७० लाख. शेतकरी एका वर्षात एवढे वाढले नव्हते. गायरानावर विमा, सरकारी जमिनीवर विमा, देवस्थानाच्या जमिनीवर विमा, बाग नाही तिथं बागेचा विमा, सगळं निघालं. डिसेंबर २०२४ मध्ये आमदार सुरेश धस यांनी बीड जिल्ह्याचा विषय विधानसभेत काढला. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी फेब्रुवारीत, भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही, आम्ही एक रुपयात विमा दिला, असा दाखला दिला, त्यावर गदारोळ झाला. आणि खरीप २०२५ च्या आधी एक रुपयाची योजना बंद. आता हप्ता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच टक्के. म्हणजे पन्नास हजारांचं संरक्षण असेल तर खरिपाला हजार रुपये आपल्या खिशातून.

तर असा पोळलेला मी, जुलै २०२५ मध्ये हा अरुंद जिना चढलो.

ताईंनी पहिल्यांदा झेरॉक्स परत केल्या. “ठेवत नाही मी कुणाच्या. समोर बसा, समोर भरते, घेऊन जावा.” त्यांच्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत, एक त्यांच्याकडं तोंड करून आणि एक आपल्याकडं. त्या भरतात ते आपल्याला दिसतं. गट नंबर, क्षेत्र, पीक, पेरणीची तारीख, खातं नंबर, प्रत्येक ओळ आपल्याकडून मोठ्यानं वाचून घेतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना स्वतः वाचून दाखवतात, आणि मागं उभ्या असलेल्या एखाद्याला “बरोबर हाय का बघा हो” म्हणून साक्षीला घेतात. फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, आता लागतोच, त्यामुळं गट आपोआप समोर येतात. तिथं परक्याचा गट घुसवायला पूर्वीसारखी मोकळीक नाही. हे एक चांगलं झालं, सरकारला द्यायचं ते श्रेय द्यावं. पावती निघाली की त्यावर अर्ज क्रमांक पेनानं गोल करतात, एका वहीत आपली सही घेतात, मगच पुढचा माणूस. एका फॉर्मला वीस-पंचवीस मिनिटं जातात. जुन्या स्टँडवर दोन मिनिटं लागायची, कारण आपण तिथं नसायचोच.

आणि आता ओरडा. माझं पाऊण एकर ओढ्याकाठचं आहे. आदल्या वर्षीच्या पावसात खरडून गेलं, त्यावर पेरणी केलीच नव्हती. मी सगळ्या एक हेक्टर बासष्टवर सोयाबीन लावा म्हणालो. खरं सांगतो, मला त्यात काही गैर वाटलं नाही. जमीन माझी, हप्ता मी भरणार, कुणाच्या बापाचं काय जातं? ताईंनी विचारलं, “सगळ्यावर पेरलंय?” मी म्हणालो, “पेरल्यासारखंच आहे.”

“पेरल्यासारखं म्हंजे? काका, मला काय लिहायला लावायलाव तुम्ही? उद्या ई-पीक पाहणीचा फोटो काढायला त्या ओढ्यात उभं राहनार हाव का?”

बाकड्यावरची माणसं हसली. मला राग आला, एकतीस वर्षं लोकांना तिकीट विचारलेल्या माणसाला कुणीतरी तिकीट विचारलं होतं. मी म्हणालो, पाऊण एकरानं काय होतंय. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं की पाहणीतलं, म्हणजे आपण मोबाईलवर फोटो काढून सरकारकडं नोंदवतो ते पीक आणि विम्यातलं पीक जुळलं नाही तर अर्ज रद्द होतो आणि भरलेला हप्ताही जातो. वर नवीन शासन निर्णयात आहे की फसवणुकीचा प्रयत्न दिसला तर खातेदार, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर तो, किमान पाच वर्षं काळ्या यादीत, आणि तेवढी वर्षं कुठल्याच सरकारी योजनेचा लाभ नाही. “पाऊण एकरापायी पीएम किसान घालवताव का?” मग एक हेक्टर बत्तीस लिहिलं. वहीत सही करताना हात जरा जड होता.

त्या दिवशी मी दोन तास बसलो होतो. तेवढ्यात अकरा माणसं आली आणि चार परत गेली. एकाची पाहुण्याच्या नावची जमीन, भाडेकरार साध्या कागदावर. ताई म्हणाल्या, नोंदणीकृत करार आणा. एकाला तुरीवर सोयाबीन लिहायचं होतं. एक बाई दिराच्या नावावरची जमीन स्वतःची म्हणून सांगत होत्या, तिथं मात्र ताई हळू बोलल्या, वारस नोंद कशी करायची ते कागदावर लिहून दिलं. चौथा नुसताच भांडून गेला. चार माणसं म्हणजे एकशे साठ रुपये ताईंनी स्वतःच्या हातानं परत पाठवले, आणि त्यातला किमान एक तरी समोरच्या गल्लीतल्या केंद्रात जाऊन फॉर्म भरून आला असणार. चाळीस रुपयांची ही पद्धत जोपर्यंत अशीच आहे तोपर्यंत ‘नाही’ म्हणणाऱ्या केंद्राचं नुकसान आणि ‘हो’ म्हणणाऱ्याचा फायदा. एसटीत निदान कंडक्टरला तिकिटामागं कमिशन नव्हतं.

कायदा कडक झाला याचा मला आनंद आहे, पण त्याचं तोंड कुणीकडं आहे ते कंडक्टरच्या डोळ्यानं बघून सांगतो. मार्ग तपासणीचं पथक गाडीत चढलं आणि प्रवासी विनातिकीट सापडला की प्रवाशाला दंड होतो. पण पैसे घेऊन तिकीट दिलं नसेल तर खरी केस वाहकावर, अपहाराची. निलंबन, चौकशी, बदली, घरच्यांचं तोंड बघवत नाही. का? मशीन त्याच्या गळ्यात असतं म्हणून. पीक विम्यात मशीन कुणाच्या गळ्यात आहे? बटण कुणी दाबलं? पाच वर्षांची काळी यादी आहे ती मात्र खातेदाराची. २०२३ ला हा नियम असता आणि तपासणाऱ्यानं घाईत नुसता गट नंबर बघून यादी केली असती, तर त्या भाडेकराराच्या भानगडीत माझंही नाव गेलं असतं, आणि मी निर्दोष आहे हे मलाच दाखवत फिरावं लागलं असतं.

केंद्रांवर काहीच होत नाही असं नाही. केंद्रांचे अर्ज भरायचे आयडी बंद झाले, गुन्हे दाखल झाले. पण जुन्या स्टँडजवळच्या त्या केंद्राचं काय झालं? त्याचा आयडी बंद झाला म्हणतात. टेबल तेच, खुर्ची तीच, आयडी आता भावाच्या नावावर. खातेदाराला भावाच्या नावानं नवीन शेत काढता येत नाही.

माझा पुतण्या विमा एजंट आहे, आयुर्विम्याचा. तो सांगतो, विमा नियामकाच्या २०१३ च्या चौकटीतसुद्धा मध्यस्थानं केलेली फसवणूक हा वेगळा प्रकार धरलेला होता, आणि २०२५ ला काढलेल्या, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नवीन नियमावलीत तर विक्री करणाऱ्या साखळीची फसवणूक वेगळी मोजायची आहे. कंपनीनं त्यासाठी आपला स्वतंत्र विभाग ठेवायचा. म्हणजे वर बसलेल्यांना माहीत आहे की लबाडी तीन-चार ठिकाणी होते. मग गावात येईपर्यंत ती एकट्या शेतकऱ्याची कशी होते, हे त्यालाही सांगता आलं नाही. मला वाटतं, अर्जामागं चाळीस देण्याऐवजी पाहणीशी जुळलेल्या अर्जामागं द्या. जुळला नाही तर देऊ नका. नवीन कलम शोधायची गरजच नाही.

आणखी एक बोच आहे, ती ताईंची नाही पण फॉर्म भरताना डोक्यात असू द्या. बोगसगिरी रोखायच्या नादात भरपाईचे बाकीचे दरवाजे बंद केले. पूर्वी शेतात पाणी साचलं की बहात्तर तासांच्या आत कळवायचं, माणूस पंचनाम्याला यायचा. खरीप २०२५ ला राज्यानं ते काढून टाकलं. उरले फक्त महसूल मंडळातले, म्हणजे आसपासच्या काही गावांतले, पीक कापणी प्रयोग, निवडक शेतातलं पीक कापून उत्पन्न मोजायचं. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरून सरासरी, तिच्या सत्तर टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न, आणि मंडळाचं उत्पन्न त्याच्या खाली गेलं तरच पैसे. तुमच्या एकट्याचं शेत तळं झालं तर ते तुमचं तुम्ही बघा. आणि नेमका त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. माझं सोयाबीन पाच दिवस पाण्यात होतं. मी ताईंना फोन केला, बहात्तर तास होत आले म्हणून घाबराघुबरा होऊन. त्यांनी फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी जिना चढून गेलो तेव्हा म्हणाल्या, “काका, त्ये कलमच गेलंय आता.” असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. त्या दिवशी ओरडल्या नाहीत.

फोन न उचलणं हाच एक तारा कापायचा माझा मुद्दा आहे. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात फोन बंदच असतो. लाईनला टोकन नाही, त्यामुळं खताच्या दुकानातून वर आलेला ओळखीचा माणूस मधे घुसतो आणि ताईंना ते दिसत नाही किंवा दिसून न दिसल्यासारखं करतात. बायकांसाठी वेगळी बसायची जागा नाही, प्यायच्या पाण्याचा माठ आहे पण पेला एकच. झेरॉक्सचं मशीन काळं मारतं, आठ-अ बाहेरून काढून आणा. आणि बोलणं जरा कमी टोचेल असं करता आलं तर बरं, प्रत्येक म्हातारा लबाड नसतो. मी होतो, पण ती गोष्ट वेगळी.

रब्बीला हरभऱ्याचा फॉर्म भरायला गेलो तेव्हा ताईंनी विचारायच्या आत मीच सांगितलं, ओढ्याकाठचं पाऊण एकर सोडून. त्यांनी मान वर न करता लिहिलं. वीस मिनिटांऐवजी तेरा मिनिटांत काम झालं, मी घड्याळ लावलं होतं.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, अकरानंतर सर्व्हर रडतो. दुपारी दोन ते तीन जेवणाची सुट्टी, रविवारी बंद. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, खरिपाला ३१ जुलै, रब्बीच्या हरभऱ्याला १५ डिसेंबर. मुदतवाढ मिळते कधी कधी, पण मिळेलच असं धरून बसू नका. पासबुकावर आयएफएससी स्पष्ट दिसतो का ते घरीच बघा. आणि आधारला जोडलेला मोबाईल बरोबर आणा. तो पुण्याला पोराकडं ठेवून आलेल्या तीन जणांना मी माझ्यासमोर परत जाताना पाहिलं, त्यातल्या एकाला ओटीपी फोनवर सांगताना पोरगं मीटिंगमध्ये होतं.